बकल पुढच्या बाजूला

४ जुलै

ताई,

या वर्षात माझ्या हातून काय काय झालं ते आधी लिहितो, म्हणजे तुझा पहिला प्रश्न वाचेल. शाळेसाठी: पाठीला आधार देणाऱ्या अकरा खुर्च्या, ज्यांना उभं राहता येत नाही त्यांना उभं करायच्या तीन चौकटी, चाकाच्या खुर्चीतूनही हात पोचेल असं पुस्तकांचं कपाट, आणि चमचा निसटू नये म्हणून लाकडी मुठी. त्या किती केल्या याचा हिशेब नाही, कारण मुलं त्या हरवतात. शिवाय एका मुलाला फक्त डावा अंगठा हलवता येतो, त्याच्यासाठी दिव्याचं बटण. वर्गातला दिवा आता तोच लावतो आणि तोच घालवतो, बहुतेक वेळा गणिताच्या तासाला. घरासाठी: काही नाही. मागच्या दाराची कडी अजून सुतळीनं बांधलेली आहे आणि तुझी भावजय ती आल्यागेल्याला दाखवते.

यातलं एकही काम मला कुणी शिकवलेलं नाही, हे तुला माहीत आहे. ज्यांच्या भिंतीवर पदव्या टांगल्यात त्यांना माझ्या खुर्चीचा एक सांधा उलगडून दाखवायला सांग. गेल्या महिन्यात देणगीदार आले होते. शिस्तसरांच्या वर्गात गेले तर सगळी मुलं सरळ, शांत, हूं नाही की चूं नाही. एक बाई म्हणाल्या, "या खुर्च्यांची जादू आहे." संस्थेच्या अध्यक्षांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. शिस्तसर हे नाव मुलांनीच ठेवलेलं, पण त्यांना ते आवडतं.

एक गोष्ट मात्र मनाला लागली आहे. टिकटिक नावाची एक मुलगी आहे, नऊ वर्षांची. तिला बोलता येत नाही, पायांत बळ नाही. जे समोर येईल त्यावर बोटानं वाजवते म्हणून टिकटिक. हो म्हणायचं तर दोनदा, नाही म्हणायचं असेल तर वाजवतच सुटते. माझ्या कार्यशाळेत आली की फळ्या वाजवून बघते, आणि पोकळ वाजली की माझ्याकडे बघून हसते, जणू दुकानदारानं मला फसवलं. हल्ली वाजवत नाही. तिच्यासाठी केलेली खुर्ची ही माझी सगळ्यात चांगली खुर्ची, आणि ती दिसली की ही किंचाळते. कार्यशाळेत आणली तर भुशात जमिनीवर बसते, पण खुर्चीत नाही. मी पाठीचा कोन बदलला. बैठकीला मऊ नमदा लावला. खुर्चीच्या हातांच्या कडा पुन्हा गोल केल्या. बैठक अर्धं बोट उतरती केली तर मांड्यांवरचा ताण जाईल असं वाटतं. तू तीस वर्षं कर्णबधिर मुलांना शिकवलंस, तुला काही सुचतं का?

फोन करू नकोस. डावा कान करवतीनं खाल्ला आहे आणि उजव्याला तुझा आवाज झेपत नाही.

तुझा,
खिळ्या

११ जुलै

खिळ्या,

माझ्या भावजयीला सांग, सुतळीसुद्धा सोडून टाक. चोर आला तरी तुझा नवरा त्याला आधी बिजागरी दाखवत बसेल, तोवर शेजारी जमतील.

बाकी कौतुक पुढच्या पत्रात. तुझ्या पत्रात पाठीचा कोन, नमदा, कडा, मांड्यांवरचा ताण, सगळं ओळींवर ओळी. आणि मुलीनं वाजवणं बंद केलं हे तीन शब्दांत. ते वाक्य मी परत परत वाचलं. जिला तोंडानं बोलता येत नाही तिनं बोटांनी बोलायचं थांबवलं, आणि तू बैठक घासतो आहेस?

मला एवढं कळव. आधी ती त्याच खुर्चीत बसायची का? बसायची तर कधीपासून नाही? तिला खुर्चीत कोण बसवतं? तिचे हात आता कुठे असतात?

ती तुझ्या कामाला नावं ठेवत नाहीये रे. तेवढा मान तू या एका मुलीकडून मागू नकोस.

ताई

१९ जुलै

ताई,

तुझ्या शेवटच्या ओळीला मी उत्तर देणार नाही.

बाकीची उत्तरं. ती आधी त्याच खुर्चीत बसायची, मजेत. सुट्टीनंतर नाही. सुट्टीनंतरच ती शिस्तसरांच्या वर्गात गेली. तेच तिला बसवतात, मदतनीस मावशींना हात लावू देत नाहीत. तिचे हात काखेत असतात. परवा मी एक हात बाहेर काढायला गेलो तर तिनं अंग चोरलं. बोटं सुजल्यासारखी वाटली. मावशी म्हणाल्या, दारात चेमटली असतील. दोन्ही हातांची? असेलही.

जेवणाच्या सुट्टीत वर्गात जाऊन खुर्ची नीट पाहिली आणि माझं डोकंच फिरलं. कमरेच्या पट्ट्याचं बकल मी नेहमी पुढे ठेवतो, मोठं, एका बोटानं उघडेल असं. पट्टा मूल पडू नये म्हणून असतो, बांधून घालायला नाही. तो पट्टा कुणीतरी काढून उलटा ओवला होता. बकल पाठीमागे! घट्ट करायला खिळ्यानं एक नवीन भोक पाडलेलं, तेही वेडंवाकडं. खुर्चीच्या समोरच्या फळीच्या खालच्या बाजूला नखांचे ओरखडे. सरांना विचारलं, "सर, बकल मागे का?" तर हसून म्हणाले, "अहो मास्तर, पुढे असलं की सोडते ना! मग बसते वाजवत. वर्ग आहे की बँडपथक?"

माझ्या कामाची ही दशा मला बघवेना. खुर्ची उचलून कार्यशाळेत आणली. पट्टा नवा, बकल पुढे. ओरखडे घासून काढले आणि पॉलिशचे दोन हात मारले. आता बघणाऱ्याला कळणारही नाही. सरांना बजावलं आहे की पट्ट्याला हात लावायचा नाही.

टिकटिक तरीही बसत नाही. तेवढं मात्र मला उमगत नाही.

तुझा,
खिळ्या

२३ जुलै

खिळ्या,

तुला उमगलेलं आहे. तू लिहिलंस ते सगळं एका खाली एक ठेव आणि दुसऱ्याच्या पत्रासारखं वाच.

आणि ओरखडे घासून काढलेस! दोन हात पॉलिश! तुझ्यापेक्षा एखादा आळशी सुतार त्या शाळेत असता तर त्या लेकराचं बरं झालं असतं.

आता ऐक. बालसंरक्षण कार्यालयात जा आणि लेखी कळव. शाळेत कुणालाही आधी विचारू नकोस, मुख्याध्यापिकेला नाही आणि अध्यक्षांना तर मुळीच नाही. शिकवणाऱ्याला नुसता संशय आला तरी त्यानं कळवायचं असतं, असा कायदाच आहे. आमच्या प्रशिक्षणात हे आम्हाला इतक्यांदा सांगितलं की झोपेतही म्हणून दाखवीन. खरं-खोटं ठरवणं तुझं काम नाही. तू फक्त कळवायचं, ठरवणारे ठरवतील. तू खात्री करत बसशील आणि तोवर ती रोज त्या वर्गात जाईल.

आज जा.

ताई

३० जुलै

ताई,

तुझं पत्र येण्याआधीच मी मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, बकलाचं आणि बोटांचं सांगून बसलो होतो. ज्या घरात काम करतो त्या घरात आधी बोलावं ही माझी रीत. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. म्हणाल्या, "मास्तर, तुमचं मन मोठं आहे. पण घरातलं घरात मिटवू. पुढच्या महिन्यात नव्या इमारतीचं अनुदान यायचंय."

दुसऱ्या दिवशी टिकटिकची खुर्ची वर्गात निळ्या ऑइलपेंटमध्ये उभी! माझ्या पॉलिशवर! ब्रशचे केस तसेच चिकटलेले, खाली ओघळ. आणि बकल परत मागे.

आता तू म्हणतेस, लेखी कळव. काय कळवू? पुरावा मीच घासून काढला आणि उरलेला त्यांनी रंगवला. शिवाय कायदा शिक्षकाला आहे. माझ्या नेमणुकीच्या कागदावर 'हस्तकला निदेशक' लिहिलंय. मी कारागीर माणूस. उद्या खोटं ठरलं तर एका शिकलेल्या माणसाचं नाव बिनशिकलेल्यानं घालवलं असं सगळे म्हणतील. शिस्तसर दोन विषयांत एम. ए. आहेत.

मला झोप नीट लागत नाही, एवढं मात्र खरं.

खिळ्या

३ ऑगस्ट

खिळ्या,

मागच्या वर्षी शिक्षकांच्या फोटोत तुला कडेला, शिपायाच्या शेजारी उभं केलं म्हणून तू मला चार पानं लिहिली होतीस. "मुलं मला सर म्हणतात, ताई. या शाळेत माझ्याइतका शिक्षक कोण आहे?" तुझेच शब्द. पत्र कपाटात आहे, हवं तर परत पाठवते.

म्हणजे फोटो काढायच्या वेळी तू शिक्षक, आणि आता कारागीर. हे नाही चालायचं. एक काय ते ठरव.

घासलेल्या ओरखड्यांचं म्हणशील तर तेही लिही. "मी घासले" असं लिही. पुरावा गेला असेल, तुझा संशय तर कुणी रंगवला नाही ना?

दाजी विचारतात, या मुलाचं शिक्षण किती? मी म्हटलं, आता कळेल.

ताई

९ ऑगस्ट

ताई,

कळवलं.

अर्ज त्यांचा छापील होता, त्यात जागा कमी. मी मागे चार पानं जोडली. वर लिहिलं: "मी या मुलीचा शिक्षक आहे." खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "शिक्षण?" मी म्हटलं, "आठवी. पुढचं कागदावर वाचा." खुर्ची, बकल, खिळ्यानं पाडलेलं भोक, बोटं, काखेतले हात, शिस्तसर काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत, मोठ्या बाई काय म्हणाल्या ते त्यांच्या. जे पाहिलं ते 'पाहिलं' लिहिलं, जे वाटलं ते 'वाटलं'. आणि एक ओळ, जिला सगळ्यात जास्त वेळ लागला: "फळीखालचे नखांचे ओरखडे मी स्वतः घासून काढले, कारण त्या वेळी मला मुलीपेक्षा खुर्ची दिसत होती."

सही पूर्ण नावानं केली, मोठ्या अक्षरात. लिहून ठेव.

खिळ्या

२ सप्टेंबर

चि. बंधू यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्या शाळेचे माननीय अध्यक्ष कामानिमित्त या गावी आले असता अगत्याने आमच्याकडे आले. सोबत फळांची करंडी आणली. त्यांच्याकडून सर्व हकिकत समजली. तुझी नोकरी माझ्या शिफारशीने लागली हे तू विसरू नयेस. मुलगी अजाण आहे, तिच्या वागण्यावरून एवढे मोठे अनुमान काढणे योग्य वाटत नाही. माझ्या मते तुझ्या खुर्चीतच दोष असावा. तुला रीतसर शिक्षण नसल्यामुळे असे होणे साहजिक आहे. तरी तक्रार मागे घेण्याचा विचार करावा. पत्र अध्यक्ष स्वतः आपल्यासोबत नेत आहेत.

तुझी हितचिंतक,
ताई

७ सप्टेंबर

ताई,

दोष? माझ्या खुर्चीत? रीतसर शिक्षण नसल्यामुळे?

हितचिंतक! ही तूच का? फोटोवरून मला बोल लावणारी? पाटीवर पहिलं अक्षर तू गिरवून घेतलंस, आणि आज एका करंडीसाठी मला अडाणी ठरवलंस. फळं गोड होती का?

इकडची हकिकत तुला कळली असेलच, पण माझ्याकडूनही घे. कार्यशाळेला कुलूप आहे. आत रंधे, पटाशा, करवती, सगळं माझं, पगारातून एकेक घेतलेलं. मला "विश्रांती" दिली आहे. शिक्षकांच्या खोलीत गेलो तर बोलणं थांबतं. काल एका बाईंनी माझ्या देखत चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलावर नेला, जणू मला काही लागण झाली आहे. करू देत. मी रोज शाळेच्या वेळेला जातो आणि फाटकासमोर माझ्या स्टुलावर बसतो. स्टूल मीच केलंय, त्यातही दोष काढ हवं तर.

तक्रार मी मागे घेणार नाही. तू सांगितलंस म्हणून केली नव्हती आणि तू सांगतेस म्हणून काढणार नाही. अध्यक्षांना कळव, तुझा त्यांच्याशी पत्रव्यवहार आहेच.

(सही करत नाही.)

१२ सप्टेंबर

खिळ्या, गाढवा,

आजवर मी तुला कधी 'चि. बंधू' लिहिलंय का? 'अनेक उत्तम आशीर्वाद'? आणि 'अगत्याने'? हा शब्द मी जन्मात वापरलेला नाही, दाजींना विचार.

अध्यक्ष समोरच्या खुर्चीत बसले होते. म्हणाले, "ताईसाहेब, दोन ओळी लिहून द्या, मीच पोचवतो. तुमचं तो ऐकतो." मला सल्लागार मंडळावर घेतो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर ते दुसऱ्या कुणाला धरून तुझ्याकडे पाठवणार होते. तुझ्या बायकोला, नाहीतर तुझ्या सासऱ्यांना. म्हणून मीच घेतलं लिहायला. एकेक ओळ वाचत होते. खुर्चीत दोष असं लिहिलं तेव्हा खूष होऊन मान डोलावली. त्यांना वाटलं, आता हा खचणार.

मला माहीत होतं तू काय करशील. तू सहा वर्षांचा होतास तेव्हाही "तुझ्यानं व्हायचं नाही" एवढं म्हटलं की पुरायचं. वडिलांच्या पलंगाचे सगळे खिळे त्याच दिवशी निघाले होते, ते आठवतं ना? रात्री ते पलंगासकट खाली आले.

फळं तशीच आहेत. दाजी म्हणतात टाकून देऊ नये, मी म्हणते खाऊ नये. त्यामुळे टेबलावर पडून आहेत आणि घरभर वास सुटलाय.

स्टूल सोडू नकोस. आणि मुलीचं काय झालं ते लिही. तुझ्या सगळ्या रागात तिचं नाव एकदाही आलं नाही.

ताई

५ ऑक्टोबर

ताई,

पलंग नीट केला होता मीच, दुसऱ्या दिवशी. ते तू कधी सांगत नाहीस.

बरोबर आहे, तिचं नाव नव्हतं. ते रागाचं पत्र कपाटात ठेवू नकोस, जाळून टाक.

आता तिचंच लिहितो. तिला त्या वर्गातून तक्रारीनंतर चौथ्या दिवशीच काढलं होतं. कार्यालयाचा हुकूम होता. मला ते कुणी सांगितलंच नाही, मी फाटकावर बसून उगाच रोज तिच्या वर्गाच्या खिडकीकडे बघत होतो. चौकशीच्या बाई गेल्या आठवड्यात आल्या. मला वाटलं माझी चार पानं काढतील, खुर्ची मागवतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी कार्यशाळेचं कुलूप काढायला लावलं, टिकटिकला आत आणलं, आणि तिच्या शेजारी भुशात बसल्या. चांगली इस्त्रीची साडी होती त्यांची. त्यांनी काहीच विचारलं नाही. रंध्याच्या सालीचा एक गुंडाळा उचलून उलगडत राहिल्या. बऱ्याच वेळानं मुलीनं हात काखेतून काढले आणि बोटं पसरून त्यांच्यापुढे धरली. मग उजवा हात उचलून डाव्या बोटांवर आडवा मारून दाखवला, पट्टीसारखा. परत परत. नंतर बोट उचलून शिस्तसरांच्या वर्गाकडे केलं.

मी दाराबाहेर उभा होतो. ताई, ती हे कुणालाही दाखवायला तयार होती. खाली बसून बघणारं कुणी नव्हतं. सुट्टीनंतरही मी तिच्या शेजारी फळ्याच कापत होतो.

मग मावशीही बोलल्या. म्हणाल्या, "मी रोज बघायचे, मला वाटलं मोठ्या शाळेत अशीच शिस्त असते." अजून तीन मुलांचे पट्टे मागून होते. देणगीदार बाईंना जादू वाटली होती ती ही. माझ्याही पाठीवर हात पडला होता आणि मी फुगलो होतो. शिस्तसर घरी बसलेत, प्रकरण कोर्टात जाईल. मोठ्या बाईंनाही नोटीस आहे. त्यांनी ऐकून कळवलं नाही म्हणून.

टिकटिकची आई आली होती. कपडे धुण्याच्या कारखान्यात आहे, कामाच्या गणवेशातच आली. म्हणाली, "मास्तर, घरी जेवायलाही खुर्चीत बसत नव्हती. मी तिला हट्टी म्हणायचे. एकदा मारलंसुद्धा." मी म्हटलं, "मी तर नमदा लावत होतो."

टिकटिक अजून वाजवत नाही. हात बाहेर आलेत एवढंच. निळी खुर्ची मी रंग खरवडून परत पॉलिश करणार होतो, पण केली नाही. चौकशीच्या बाईंना तशीच दिली, ओघळांसकट. तिला नवीन करणार नाही. तिला जमिनीवर बसायचं तर जमिनीवर. पाठीमागे टेकायला एक फळी लावून दिली आहे, पट्टा नाही, काही नाही.

शेवटचं. काल अध्यक्ष घरी आले. मागच्या दारानं, म्हणजे सुतळी त्यांनीही पाहिली. तुझं पत्र उपयोगी पडलं नाही याचं त्यांना वाईट वाटलं. म्हणाले, "मास्तर, कोर्टात एवढंच सांगा की पट्टा मागून लावायची सोय तुमच्या मूळ रचनेतच होती." बदल्यात काय, तर संस्थेच्या सगळ्या शाळांना माझ्याच खुर्च्या, नोकरी कायम, आणि नेमणुकीच्या कागदावर 'निदेशक' खोडून 'शिक्षक'. कोरा कागद शिक्क्यासकट सोबत आणला होता. आगाऊ रक्कम पाकिटात. तुझी भावजय चहाचं आधण ठेवत होती, तिनं गॅस बंद केला.

मी म्हटलं, "शिक्षक मी आहेच, बालसंरक्षण कार्यालयात लिहून दिलंय. बकल पुढेच असतं, ते सगळ्या शाळांना फुकट सांगतो." त्यांना पाकीट-कागदासकट बाहेर सोडलं आणि दाराला सुतळी बांधली, दोन गाठी.

रक्कम सहा लाख चाळीस हजार होती. तू लिहून ठेव, कारण लोकांना सांगताना मी ती नक्की दहा लाख करणार आहे.

तुझा,
खिळ्या